प्यादं बाहेर जायला मागतंय

"सर, फायरवॉल भुतांना अडवते का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून टकळीने भर वर्गात विचारलं. अख्खा वर्ग खिदळला.

हसा. तिने सांगितलं तेव्हा मीही हसले होते. पण पुढचं सगळं खरं आहे. टकळी माझी सख्खी मामेबहीण, आणि शेवटी तर मी स्वतः तिथे होते.

कॉम्प्युटरचे सर मात्र हसले नाहीत.

"बाहेरून येणाऱ्याला ती अडवते. आतलं कोणी बाहेर निघालं, तर तुला विचारते. सोडायचं की नाही, ते तू ठरवायचं."

टकळीच्या घरचा कॉम्प्युटर दादाचा. तिचा मोठा भाऊ. अपघातात गेला. तेव्हापासून मामी रोज स्क्रीन पुसायची, पण चालू कोणी करत नव्हतं. शेवटी टकळीने मामाचं डोकं खाल्लं. मामाने काळजावर दगड ठेवून दुकानातून नवी डिस्क बसवून आणली. जुनी भंगारात गेली.

म्हणजे दादाचं आत काहीच उरलं नव्हतं.

"आधी फायरवॉल टाक, मगच इंटरनेट," मामाने बजावलं होतं.

शाळेतून आल्या आल्या तिने दप्तर भिरकावलं आणि फायरवॉल टाकली. लख्ख दुपार. गाणं गुणगुणत होती.

तेवढ्यात स्क्रीनवर चौकट आली...

'प्यादं' बाहेर जोडणी करू पाहत आहे. परवानगी द्यायची?

टकळीचं गाणं थांबलं.

प्यादं हा दादाने स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा खेळ. रोज संध्याकाळी तो त्यावर कुठल्या तरी लांबच्या मित्राशी खेळायचा. चाल करण्याआधी टेबलावर नख वाजवायचा.

तिने डिस्क धुंडाळली. प्यादं कुठेच नव्हतं.

चौकट मात्र हलेना.

घाबरून तिने 'अडवा' दाबलं. घाईत खालच्या ओळीवरही खूण झाली. 'हेच उत्तर कायम लक्षात ठेवा.'

चौकट गेली.

आणि टेबलावर...

टक. टक.

त्या संध्याकाळी दाराची कडी खडखडली.

"कोण आहे गं बाहेर?" मामीने विचारलं.

बाहेर कोणीच नव्हतं. कडी आतून हलत होती.

"वारा असेल," मामा म्हणाला. खिडक्या बंद होत्या.

सकाळी दादाच्या चपला दारापाशी. तोंड बाहेरच्या बाजूला. मामीने त्या जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा... दारापाशी.

मामा दाराकडे बघायचंच टाळू लागला. मामीचा चेहरा मात्र कधी नव्हे तो खुलला.

"माझा लेक घरात आहे," ती मला म्हणाली. मी तेव्हा सुट्टीला त्यांच्याकडे गेले होते. "राहू दे की गं. कुणाचं काय जातंय?"

पण ती टकटक तुम्ही ऐकली नाहीत. आधी दमदार होती. मग थकली. मग विनवणी केल्यासारखी... दाराच्या आतल्या बाजूने.

जिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं ती टकळी दोन शब्द बोलेना. मग एक दिवस तिने सरांना त्यांच्या घरी गाठलं. या वेळी पैज नव्हती.

"सर, कायमचं अडवलेल्याला सोडता येतं?"

"येतं की. ज्याने अडवलं, त्यानेच सोडायचं."

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. तेव्हापासून कुणी नख वाजवलं, तरी मी आधी दाराकडे बघते.

सरांना भेटली त्याच संध्याकाळी टकळीने कॉम्प्युटर लावला. 'हेच उत्तर कायम लक्षात ठेवा' वरची खूण काढली. लगेच चौकट आली. जणू कोणी दारातच उभं होतं.

मामीने तिचा हात धरला. "नको ना गं..."

"आई, दादाच म्हणायचा ना, प्यादं मागे येत नसतं?"

टक...

टकळीने डोळे पुसले. पहिल्यांदाच इतकं ठाम बोलली.

"आई, बाबा, मी 'परवानगी द्या' दाबणार आहे. त्याला काही सांगायचं असेल, तर आत्ता सांगा."