मधला भाग

शितावरून भाताची परीक्षा होते, तर पहिल्या दहा मिनिटांवरून सिनेमाची का होऊ नये? बारा वर्षं मी हेच करत आलोय. आमच्या महोत्सवात दरवर्षी तीस-चाळीस छोटे सिनेमे येतात, कुणी स्वतःच्या घरात, कुणी मित्रांना हाताशी धरून काढलेले. माहितीपुस्तिकेसाठी प्रत्येकाचं कथानक चार ओळींत लिहायचं, हे माझं काम. सुरुवातीची दहा मिनिटं बघायची, शेवटची पाच बघायची आणि लिहून मोकळं व्हायचं. मधे असतंय काय? कुणीतरी खिडकीतून बाहेर बघत बसतं.

यंदाचे नमुने ऐका. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस बायकोशी बोलणं सोडतो. दोन बहिणी एका नावेवरून भांडतात. एक बाई कबुतरं पाळते आणि तिच्याकडे कुणी येत नाही. आणि यावर दीड-दीड तास!

माझ्या घाईचं कारण घरी होतं. आईला विसरायला होतं. गेल्या वर्षी ती गाऊनवरच हमरस्त्यापर्यंत चालत गेली होती, एका दूधवाल्यानं आणून सोडलं. त्याच दिवशी मी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. आत पाणी, बिस्किटं, सगळी सोय केली. सकाळी नऊला कडी लावायची, चारला काढायची. लावताना दाराबाहेरून सांगायचं, अर्ध्या तासात आलो, आई. तिला वेळ कळत नाही, मग त्यात खोटं ते काय? मोठा भाऊ परदेशातून उंटावरून शेळ्या हाकतो, त्याला कडीचं सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

मंगळवारी मॅडमनी बोलावलं. महोत्सव त्यांचाच, पुस्तिकेवरचा शेवटचा हातही त्यांचा. छापण्याआधी कथानकं दिग्दर्शकांना तपासायला पाठवतात. लिफ्टवाल्या सिनेमाच्या दिग्दर्शकानं माझे खास आभार मानले होते म्हणे. सिनेमाच्या मधल्या भागातली म्हातारी फक्त मलाच दिसली होती.

"कुठली म्हातारी?" मी विचारलं.

त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 'दरम्यान, एका बंद खोलीत एक म्हातारी वाट बघत असते.' मग पान उलटलं. नावेच्या कथानकात तीच ओळ होती. कबुतरांच्याही. चौतीसच्या चौतीस कथानकांत, तिसरी ओळ.

"ही काय थट्टा आहे?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या फाईलशी खेळणार दुसराच कुणीतरी आणि जाब मला. मी तसं बोललोही, जरा जास्तच चढ्या आवाजात. मॅडम म्हणाल्या, मग सिनेमे बघा आणि दुरुस्त करा.

सिनेमे बघायची आमची खोली म्हणजे खिडकीला काळा पडदा, एक खुर्ची, एक मोठा स्क्रीन आणि कुबट वास. लिफ्टवाला सिनेमा लावला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मधून बघायला घेतला.

एकेचाळिसाव्या मिनिटाला लिफ्ट संपली. समोर एक बंद दार आलं, खोलीच्या आतून दिसणारं. फिकट निळा रंग. कडीच्या उंचीवर तो खरवडलेला, खालचं लाकूड उघडं पडलेलं. सिनेमा कुठल्या भाषेतला होता तेही मला माहीत नाही, पण दाराबाहेरचा माणूस मराठीत बोलला.

"अर्ध्या तासात आलो, आई."

आवाज माझा होता.

मी कबुतरांचा सिनेमा लावला. तेच दार, आता त्याच्यासमोर तपकिरी स्वेटर घातलेली एक पाठ. उजव्या बाहीला काळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. ते मीच केलेलं होतं. तिची बोटं दारावर फिरत होती, हळूहळू, न थांबता. नावेच्या सिनेमात पलंग रिकामा होता. खोलीत कुणी नव्हतं आणि दार बंदच होतं.

माझी पाचावर धारण बसली. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त आई हवी होती. कुणालाही न सांगता निघालो.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. कडी जागच्या जागी होती. काढली. आई पलंगावर बसलेली होती, तपकिरी स्वेटर, हात मांडीवर. हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. एवढी धावाधाव कशापायी केली मी?

मग तिची नखं दिसली. नखांत निळा रंग होता.

त्या दाराची आतली बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. दार उघडलं की ती भिंतीला टेकते. बंद असतं तेव्हा मी बाहेर असतो.

मी आतून दार लोटलं.

रंग खरवडलेला होता. लाकडावर हात ठेवला. ऊबदार लागलं.

बाहेर कडी सरकली.

मी दार ओढलं, मग धडका दिल्या. घरात आम्हा दोघांशिवाय कुणीच नसतं. बाहेरून कुणीतरी रोजचं वाक्य बोललं, माझ्याच घाईत. पावलं लांब गेली. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला.

आईनं पलंगावर सरकून मला जागा केली. बिस्किटांचा पुडा उघडला, अर्धी बिस्किटं माझ्यापुढे ठेवली.

"पुरवून खा," ती म्हणाली. "त्याचा अर्धा तास फार मोठा असतो."