रिकामी तक्रारपेटी

दहाव्या दिवशी दुपारचे चार वाजले तरी तक्रारपेटी रिकामीच होती आणि वसुधा बोरगावकरच्या जिवाला चैन नव्हतं. प्रयोगशाळेत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. थरथरणारा उजवा हात तिने डाव्या हाताने घट्ट धरला होता.

हा कंप थांबावा म्हणूनच तिच्या मेंदूत मज्जासेतू हा इवलासा संगणक बसवलेला होता, देशातल्या चाळीस लाख लोकांसारखाच. त्या सेतूची आज्ञावली जपणाऱ्या केंद्राची ती आवृत्तिपाल, कोणती आवृत्ती लोकांकडे कधी जाईल ते बघणारी. पण स्वतःसाठी वेगळी सोय करून घेणं तिला कधी जमलं नाही. इतरांसारखीच तिच्याकडेही दोन वर्षांपूर्वीची स्थिर आवृत्ती होती. सकाळी हात बरा असे, दुपारनंतर कपही धरवत नसे. नवी आवृत्ती नेमका हा दोष घालवणार होती.

"ताई, बसा हो जरा," तिचा सहकारी आल्हाद पाठारे म्हणाला. "सहा वाजता दहा दिवस पुरे होतील, आवृत्ती आपोआप सगळ्यांकडे जाईल. उद्या पेढे आणा."

"चारशे चाचणीकर आणि एकही तक्रार नाही?"

"मग चांगलंच आहे की!"

रीत जुनी होती, लिनक्स या संगणकप्रणालीची स्थिर वितरणं सांभाळणाऱ्या मंडळींकडून उचललेली. नवं आलं म्हणून लगेच घ्यायचं नाही. आधी हौशी लोकांना वापरू द्यायचं, दिवस मोजायचे आणि गंभीर तक्रार आली की मोजणी थांबवायची. स्थिर आवृत्ती म्हणजे निर्दोष नव्हे, न बदलणारी. तिचे दोष सगळ्यांना पाठ असतात, म्हणून त्यांच्यासोबत जगता येतं. घातक दोष तेवढे मधल्या काळात दुरुस्त करायचे. आज सहानंतर आवृत्त्या गोठणार होत्या. आजची संधी हुकली की पुढची दोन वर्षांनी.

"पिंपळखऱ्यांना फोन लाव," वसुधा म्हणाली.

केशवराव पिंपळखरे वाईचे निवृत्त भूमापक आणि केंद्राचे सर्वांत जुने चाचणीकर. आजवर एकतीस तक्रारी त्यांच्या नावावर होत्या. एक तर केंद्राच्या आभारपत्राचा कागद पातळ असल्याची. पडद्यावर ते दिसले, तेव्हा छतातलं पाणी थेट त्यांच्या अंथरुणावर ठिबकत होतं.

"केशवराव, वर गळतंय!"

"गळतंय खरं."

"कुणाला बोलावलंत का?"

"असू दे हो, काही बिघडत नाही."

"नव्या आवृत्तीबद्दल तक्रार लिहाल?"

"लिहिली असती की. पण काही सुचतच नाही बघा." ते गोड हसले.

"आलं लक्षात?" फोन ठेवून ती म्हणाली. "मेंदू नको तेव्हा 'काहीतरी बिघडलंय' असा इशारा देतो, त्याने हात थरथरतो. नव्या आवृत्तीत आपण तो इशारा मुळातच दाबला. मग तो मनाला तरी कुठून पोचणार? यांना दोष दिसतो, पण खटकत नाही. आणि आपली सगळी मोजणी खटकण्यावर चालते."

"मग थांबवा ना!"

"नुसत्या संशयावरून मला थांबवता येत नाही. तक्रार वापरणाऱ्याचीच हवी, तासभर वापरल्यानंतर, स्वतःच्या हाताने पाठवलेली." ती मेजाशी बसली. एका बोटाने, चुकत-खोडत तिने तक्रार लिहून ठेवली. "नंतर मला सुचणार नाही. आता मीच घेते नवी आवृत्ती. तासाभराने मला हे पाठवायला लाव. आणि लगेच जुनी परत घाल, मी काहीही म्हटलं तरी."

पावणेपाचला आवृत्ती बसली. पाच वाजता वसुधाचा हात निवांत मांडीवर होता. तिने काठोकाठ भरलेला कप एका हाताने उचलला आणि ती लहान मुलीसारखी हसली. आल्हादला भरून आलं.

पावणेसहा झाले. "ताई, तक्रार पाठवायची ना?"

"कशाला रे? छान आहे सगळं."

त्याने समजावलं, विनवलं, आवाजही चढवला. चाळीस लाख लोक, केशवराव, छत. ती प्रेमाने ऐकत राहिली. सहाला दोन मिनिटं उरली. समजावणं सोडून तो नुसतंच म्हणाला, "ताई, बटण दाबा."

"बरं," ती म्हणाली आणि तिने दाबलं.

मोजणी थांबली. आल्हादला तेव्हा उमगलं. जिला काहीच खटकत नव्हतं, तिला हेही खटकलं नव्हतं.

"जुनी आवृत्ती घालू?"

"घाल की."

तो क्षणभर त्या शांत हाताकडे बघत राहिला, मग त्याने घातली. थोड्याच वेळात कप बशीवर खडखडला आणि चहा मेजभर सांडला. वसुधाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अजून दोन वर्षं, आल्हाद." तिने पदराने डोळे पुसले. "आणि हा चहा कुणी केला? नुसतं गोड पाणी!"

मग दोघांनी चारशे जणांना फोन केले. जुन्या आवृत्तीवर परतायला एकानेही हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतली पहिली तक्रार वाईहून होती, क्रमांक बत्तीस. "अंथरूण भिजत असल्याचे केंद्राच्या निदर्शनास येऊनही फक्त विचारपूस करण्यात आली." वसुधाने ती थरथरत्या हाताने दोनदा वाचली आणि वाईत छत दुरुस्त करणारा कोणी मिळतो का, ते शोधायला बसली.