तटबंदीचा गळा

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि मामा चमच्याने एकेका गावावर टकटक करत होता. "सकाळी हे घंटाघर, दहाला हा किल्ला, इथे जेवण, मग हा बुरूज, आणि दिवेलागणीला इथे." मामाला सुट्टीसुद्धा ऑफिसच्या कामासारखी उरकायची सवय होती. डोंगरावरची जुनी गावं बघायला जायचं ठरलं, तर एका दिवसात निम्मा डोंगर संपवायला निघाला!

"पण मग आपण बघणार काय? गाडीची काच?" पणूने विचारलं.

पणू म्हणजे मामाचा मुलगा. शाळेच्या हजेरीत त्याचं नाव काहीही असो, घरात तो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'ने करायचा, म्हणून पणू. सुट्टीला आलेल्या त्याच्या दोन आतेबहिणींपैकी मोठीला सगळे ताई म्हणत. धाकटीचं नाव पडलं होतं भोंगा, कारण ती कुजबुजली तरी शेजाऱ्यांना ऐकू जायचं. तिघांचंही मत एकच होतं, आणि ते भोंग्याने शेजाऱ्यांसकट सगळ्यांना कळवलं: गावं कमी, थांबायचं जास्त.

मामी हसून म्हणाली की तिचीही तीच इच्छा आहे, निदान एकदा तरी चहा बसून प्यायला मिळेल. मग सुट्टीपुरते गावाहून आलेले आजोबा खिडकीशी बसले होते, ते उठून टेबलापाशी आले. आजोबांनी उभी हयात डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली होती. त्यांनी नकाशावर एका टोकाला बोट ठेवलं. कुठेही हिंडा, ते म्हणाले, पण शेवटचा मुक्काम इथेच करा. या गावाचा तट गातो. दुपारी दरीतून वारा वर आला की सगळी तटबंदी घुमायला लागते.

मामाने मामीकडे पाहिलं. हल्ली आजोबा बरंच विसरायला लागले होते. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे, दूध उतू जाईपर्यंत गॅससमोर उभे राहायचे. ते गावाकडे एकटेच राहत, आणि घर बंद करून आपल्याकडे या म्हणून मामा त्यांच्या मागे लागला होता. त्यात त्याची काळजीच होती, पण आजोबांचा जीव त्या घरात आणि मागच्या बागेत अडकलेला.

"बाबा, भिंती गात नाहीत," मामा हलकेच म्हणाला.

"मग ठरलं तर," आजोबा म्हणाले. "तट गायला नाही, तर मी घराला कुलूप लावून तुझ्याकडे येतो. कुरकुर करणार नाही. आणि गायला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मामाने मान डोलावली. ताईने नकाशाची घडी घातली, पण तिचं अर्धं लक्ष आजोबांकडे होतं.

प्रवास मात्र झकास झाला. आजोबा पुढे बसून एकेक वळण सांगत होते आणि गाडी रमतगमत चालली होती. पहिल्या गावात इतक्या अरुंद गल्ल्या होत्या की समोरासमोरच्या खिडक्यांमधून बायका एकमेकींना वाटी देत-घेत होत्या. दुसऱ्या गावात दगडी पायऱ्या लोकांच्या पावलांनी मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. किती पिढ्या या एकाच जागी पाय ठेवून गेल्या असतील या विचाराने ताई त्यांवर पाय ठेवायलाच बिचकली. पणूसुद्धा तेवढा वेळ 'पण' म्हणाला नाही, यावरून काय ते समजा.

तिसरं गाव तर डोंगराच्या अगदी माथ्यावर होतं. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि दरीच्या कडेने धावत गेलेला प्रचंड तट. एकेक दगड मामाच्या गाडीएवढा! इतक्या उंचावर हे दगड कुणी आणि कसे चढवले असतील, याचा मामाही मान वर करून अंदाज बांधत राहिला. तटावर चालायला रुंद वाट होती, तिच्या दरीकडच्या अंगाला कठडा होता, आणि पलीकडे नुसतं आभाळ.

दुपारी सगळे तटाखालच्या चौकात जाऊन बसले. वारा सुटला. मामीची ओढणी उडाली, भोंग्याची टोपी गेली ती कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन पडली. आजोबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते. वारा वाहत राहिला. तट मुकाच होता.

मामाने तिकीटखिडकीतल्या गाइडला विचारलं. तो याच हंगामात नोकरीला लागला होता; असलं काही त्याने ऐकलं नव्हतं. मुक्कामाच्या लॉजची मालकीण गेल्या वर्षीच शहरातून आली होती. ती हसून म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना काहीही आठवतं हो. मामाने आणखी कुणाला विचारलं नाही. मोठ्यांची चौकशी अशी लवकर संपते.

"माझंच काहीतरी चुकत असेल," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या गावात ऐकलं असेन. किंवा ऐकलंच नसेन." मग ते मामाला म्हणाले की घरातली भांडीकुंडी कुणाला द्यायची ते परत गेल्यावर ठरवू. मामा जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. आजोबांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मुलांना वाटलं. भोंग्याला तर रडूच फुटलं, आणि ते अख्ख्या चौकाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जेवून निघायचं होतं. मामा-मामी सामान आवरत असताना तिघं तटावर चढली. ताईचं म्हणणं साधं होतं. आजोबा चष्मा विसरतात, दूध विसरतात, म्हणजे आजच्या गोष्टी विसरतात. तरुणपणी गाडी चालवलेल्या रस्त्याचं एक वळण तरी ते काल चुकले का? मग तटच कसा चुकतील?

"पण तट तर गायला नाही ना," पणू म्हणाला आणि चालता चालता थबकला. तो कठड्याकडे बघत होता. "पण हे ठिपके कसले?"

कठड्याच्या आतल्या बाजूला, मुलांच्या छातीच्या उंचीवर, गोल गोल पांढरे ठिपके होते. नव्या चुन्याचे. एकामागून एक, पार टोकापर्यंत ओळीने गेलेले. तिघं त्यांच्यामागे धावत सुटली. वळणावरच्या बुरुजापाशी ओळ संपली आणि तिथे ठिपक्यांच्या जागी भोकं होती. जवळच दोन गवंडी घमेल्यात चुना कालवत होते.

ताईने एका भोकात मूठ घातली. ती बरोबर मावली. पुढच्यात तीन बोटंच गेली, त्याच्या पुढच्यात दोनच. आतून भाजलेल्या मातीची नळी होती, गुळगुळीत. पणूने डोळा लावला तर नळी दरीकडे रुंद रुंद होत गेलेली दिसली, आणि शेवटी आभाळाचा मोठा गोल तुकडा. बुरुजाच्या आडोशाला वारा जेमतेम होता, तरी भोंग्याने कान लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर कुजबुजली, "ताई, आत कुणीतरी हुंकार देतंय."

तिघांनी आळीपाळीने कान लावले. पेनाच्या टोपणावर फुंकर मारल्यावर येतो तसा आवाज होता, फक्त फार खोल, फार लांबून आल्यासारखा. ताईच्या अंगावर काटा आला. कुणीतरी, कुठल्या तरी काळी, हा डोंगराएवढा तट बांधताना वाऱ्यासाठी गळे ठेवले होते. आणि ते आता बुजवले जात होते.

तटाच्या वर्षभर चाललेल्या दुरुस्तीवरच्या इंजिनीअरबाई छत्रीखाली बसून फोनवर बोलत होत्या. ताईने सगळं सांगितलं. बाईंनी अर्धंच ऐकलं. ही परांचीची भोकं आहेत, त्या म्हणाल्या. तट बांधताना गवंड्यांना उभं राहायला लाकडी वासे लागतात, ते रोवायला अशी भोकं ठेवतात. सगळ्या जुन्या भिंतींना असतात. आता त्यांत कबुतरं घाण करतात म्हणून बुजवायची. जा, खेळा.

"पण मग एक वासा घालून दाखवा ना," पणू म्हणाला.

त्याने हे इतक्या भाबडेपणाने म्हटलं की बाईंना नाही म्हणता येईना. कामाचे वासे तिथेच पडले होते. गवंड्याने एक उचलून भोकाला लावला. वासा मांडीएवढा, भोक मुठीएवढं. तो काही शिरेना.

"बाहेरून घालत असतील," बाई म्हणाल्या.

"पण बाहेर तर दरी आहे. वासा धरून तो माणूस उभा कुठे राहणार?"

गवंड्यांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. बाईंनी फोन बंद केला, गुडघ्यावर बसून भोकाला कान लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "मी एकदाही हात घालून बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकात परांचीची भोकं वाचली होती, तीच दिसली. पण आता आत चुना भरलाय. फोडायला गेलो तर नळ्या फुटतील."

थोरला गवंडी खाकरला. मग त्याने खाली बघत सांगून टाकलं: आत चुना नाहीच. गोणपाटाचा बोळा कोंबायचा आणि वरून बोटभर जाडीचा चुना लिंपायचा, अशी त्यांची पद्धत. चुनाही वाचतो, वेळही. बाईंनी आधी डोळे वटारले, आणि मग त्यांना हसूच आलं. कामचुकारपणावर इतकं खूश झालेलं माणूस त्या गवंड्याने कधी पाहिलं नसेल.

मग काय, धडाक्यात काम सुरू झालं. गवंडी छिन्नीने चुन्याची खपली उडवत, मुलं लोखंडी आकड्याने बोळा ओढून काढत. तिघांचे केस पांढरे झाले. निघायची वेळ टळून गेली आणि मामा तरातरा तटावर आला, चिडलेला. आजोबा केव्हाचे गाडीत जाऊन बसलेत, ही काय तुमची खेळायची वेळ?

ताईने त्याला फक्त एका भोकाला कान लावायला सांगितलं. मामाने लावला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. तट गायला तर आपण पैज हरणार, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? त्याने बाह्या दुमडल्या, पणूच्या हातातला आकडा घेतला आणि पुढच्या भोकाला भिडला.

शेवटचा बोळा निघाला आणि दरीतून वारा वर आला.

आधी एकच स्वर आला, जाडजूड, पायांखालच्या दगडातून चढल्यासारखा. त्यात दुसरा मिसळला, मग तिसरा. एकेक गळा उघडत गेला आणि सगळा तट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाऊ लागला. वारा वाढला की आवाज चढायचा, वारा वळला की तोही वळायचा. मुलांच्या छातीत तो घुमत होता. पणूचं तोंड उघडंच राहिलं, आणि भोंगा ओरडली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं! गवंड्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. खाली घरांची दारं भराभर उघडली. एक म्हातारी ओल्या हातांनीच चौकात आली आणि भेटेल त्याला सांगत सुटली की वर्षभर तिला वाटत होतं, आपले कान गेले.

मामा मात्र कठड्यावरून गाडीकडे बघत होता. गाडीचं दार उघडलं. आजोबा उतरले, टपावर हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

सगळे धावतच खाली गेले. इंजिनीअरबाईंनी आजोबांचे हात धरले. तुमच्या नातवंडांमुळे आज हा तट वाचला, त्या म्हणाल्या, माझ्या हातून तो कायमचा मुका झाला असता. मामीने तिघांना चुन्यासकट मिठीत घेतलं. "बाबा, चुकलं माझं," मामा म्हणाला. "तुमची आठवण पक्की आहे. घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

आजोबांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पक्की कसली?" ते म्हणाले. "मला आठवत होतं त्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे."

आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून, वारा पडेपर्यंत ते तिथेच ऐकत उभे राहिले.