घरी चला, लेम्युएल आजोबा

ओझेला नदीकाठी गेली ती नुसती माती आणायला. भरदुपारी, डोक्यावर रविवारची हॅट, पिशवीत काचेची बरणी. हसू नका. मेलेल्या माणसाकडे जाताना नीट जावं, असं तिचं म्हणणं.

जॉर्जियातल्या त्या गावात गोऱ्यांनी ज्याला ज्याला झाडाला लटकवलं, त्याच्या त्याच्या जागेवरची माती बरणीत भरायची, सोबत नाव, साल आणि कसं घडलं ते लिहायचं आणि चर्चमध्ये मांडायचं, असं तिथल्या काळ्या बायांनी ठरवलं होतं. ओझेलाच्या वाट्याला तिच्या आजीचा भाऊ आला. लेम्युएल, १९३४. लपला होता, पोलिसांच्या कुत्र्यांनी हुडकला, असं कॅली आजी सांगायची आणि दर वेळी रडायची. आजीनंच ओझेलाला वाढवलं, मरताना राहतं घरही तिलाच ठेवलं. तिचं ते रडणंसुद्धा ओझेलाला पाठ होतं.

बरणी भरली तरी ओझेला उकरतच होती. "बास की गं," सोबत आलेली मैत्रीण वर्डेल म्हणाली. "बटाटे लावणारेस का?"

निघताना मेलेल्याला हाक मारायची रीत. नाहीतर जीव मागंच राहतो. हाक मारायची होती चर्चला चला अशी, पण ओझेलाच्या तोंडून भलतंच निघालं.

"लेम्युएल आजोबा, घरी चला!"

"चर्चला म्हण ना, बये!"

"बहिणीचंच घर आहे. काय परकं आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर झाडून गुळगुळीत केलेल्या अंगणात अनवाणी पावलं. मोठी, पुरुषाची. मागच्या पायरीपर्यंत येऊन थांबलेली. परत गेलेली नाहीत. आणि रात्री टेबलावर ठेवलेली बरणी पायरीवर, झाकण घट्ट.

तीन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली.

"आत या ना आजोबा... तुमच्या बहिणीचंच..."

घर विटांच्या खांबांवर उभं, खाली रांगण्यापुरती जागा. तिथून फळीवर नखं ओढल्याचा आवाज आला. हळू. मग ओल्या चिखलाचा आणि घामाचा वास.

ओझेला तडक झिपोरा मावशीकडे गेली. म्हातारी नव्वदीपारची. आधी पीचची गोड पाई वाढून घेतली, मग खात खात ऐकलं. चमचा थांबला.

"घरी बोलावलंस? त्याच घरी?"

"का?"

"तीन दिवस त्याच घराखाली होता तो. कुत्र्यांना कुठला मिळतोय! शेरीफ आला, तुझ्या आजीनं कॉफी दिली आणि... पायानं खाली दाखवलं. बोलली नाही हं. नुसता अंगठा."

"खोटं..."

"घर जाळू म्हणाले होते, पोरी. तुझी आई पाळण्यात होती."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"सगळ्यांना. तू सोडून."

ओझेला घरी येऊन कागद घेऊन बसली. कुत्र्यांनी हुडकला, एवढं लिहिलं की आजी आजीच राहणार होती. दोनदा तसंच लिहिलं, दोनदा फाडलं. शेवटी लिहिलं, 'बहिणीनं दाखवून दिला.' मग पायरीवरची बरणी उचलली आणि म्हणाली, "आजोबा, चर्चला चला." खाली बघते तर पावलं वळून रस्त्याला लागली होती.

रविवारी चर्चमध्ये बरणी मांडून तिनं ते वाचलं. कुणी दचकलं नाही. हातपंखे हलत राहिले.

"वर्डेल, तूसुद्धा?"

"तुझा किती जीव होता गं तिच्यावर..."

ओझेला एकटीच घरी आली. हॅट काढली, कॉफी ओतली. तेवढ्यात फळीखाली कुणीतरी खोकलं. बाईमाणूस. लहानपणी रोज रात्री ऐकलेला खोकला.

"ओझेला... बाळा... मी इथं आहे. सांगू नकोस हं कुणाला..."

मागच्या पायरीवर अनवाणी पाऊल पडलं. दारातून पुरुषाच्या आवाजात, अगदी अदबीनं, कुणीतरी विचारलं,

"बाई, कुठाय ती?"