तारायानची दहा अचूक उत्तरं

"माझ्या वडिलांचा व्हिडिओ गेम आज संध्याकाळी सहा वाजता दुसऱ्याच्या घरी जाणार आहे," रोहित गांगुर्डे म्हणाला आणि पिशवीतून प्लास्टिकचा पिवळट पडलेला डबा काढून त्याने टेबलावर ठेवला.

खासगी तपासनीस पल्लवी पगार हिने चष्मा सारखा केला. ती पूर्वी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. पुरावा हाती आल्याखेरीज ती 'बहुधा' या शब्दापुढे जात नसे. तिचे मामा जयराम मनमाडच्या रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तिचे सहायक होते. ते कशावरही लगेच विश्वास ठेवत. डब्यात खोचलेल्या कॅसेटवर निळ्या शाईची चिठ्ठी होती : 'परीक्षा झाल्यावरच.'

"बाबांचं अक्षर. ते गेल्यावर एवढंच उरलंय," रोहित म्हणाला. मामांचे डोळे लगेच भरून आले.

हकिकत थोडक्यात अशी. भद्रकालीत राजू बोरसे यांचं जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे. 'रेकॉर्डचा आवाज सीडीहून सरस' अशी पाटी त्यांनी बाहेर लावली आहे. डब्यातल्या कॅसेटवरच्या 'तारायान' या जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत नुकतंच रेकॉर्डवर आलं, तेव्हा रोहितने पैज मारली की पडद्याआडून वाजवलं तर फरक कोणालाच कळणार नाही. राजूशेठ हरले तर पाटी उतरणार. रोहित हरला तर डबा त्यांचा. राजूशेठनी दहापैकी दहा वेळा अचूक ओळखलं.

"नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता एक हजार चोवीसमध्ये एक," पल्लवी म्हणाली. "रेकॉर्डची खरखर ऐकू आली असेल."

"ती दोन्हींत होती. सीडी मी त्याच रेकॉर्डवरून उतरवली होती, सुई टेकण्याच्या आवाजासकट. आवाजही मोजून सारखे केले होते."

"शहाणे आहात," पल्लवी म्हणाली. हे प्रशस्तिपत्र मामांना अकरा वर्षांत मिळालं नव्हतं.

"पडद्याआड माझी धाकटी बहीण आरोही होती. नाणं उडवून रेकॉर्ड की सीडी ते तीच ठरवायची आणि लावायची. बाहेर तिचा नवरा सनी उत्तरं लिहून घेत होता. काय वाजणार हे फक्त तिला माहीत होतं, मॅडम. लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झालेत. तिच्यावर संशय घ्यायला मन होत नाही आणि घेतल्यावाचून राहवतही नाही."

पैज झाली त्या रोहितच्या इंदिरानगरच्या घरी आरोहीनेच चहा आणला. हातातल्या हिरव्या चुड्याची किणकिण कपांच्या आधी येऊन पोचली.

"राजूशेठ म्हणजे अवलिया माणूस!" सनी म्हणाला. "सूर सुरू व्हायच्या आतच डोळे मिटून मान डोलवायचे."

"आतच?"

"म्हणजे... हो, आतच. तंद्री लागत असेल."

"कुठे बसले होते?"

"पडद्याला खेटून, पंख्याखाली. रोहितदादा मात्र पार तिकडे, स्पीकरसमोर."

"गाणं ऐकायला आलेला माणूस स्पीकरच्या मागे बसला?" मामा म्हणाले. "उकडत असेल बिचाऱ्याला."

पल्लवीने आरोहीला एकेक लावून दाखवायला सांगितलं. आरोहीने सीडीच्या यंत्राचं बटण दाबलं. मग रेकॉर्डसाठी तिने कमरेचा रुमाल काढला, मनगटाभोवती घट्ट गुंडाळला आणि सुई अलगद टेकवली. रेकॉर्ड सुरू होण्याआधीची ती शांतता मामांना फार आवडली.

"ताई, मी काही खूण नाही केली. आईशप्पथ," आरोही रडवेली होऊन म्हणाली.

साडेपाचला राजूशेठ पेढे घेऊनच आले.

"अहो ताई, रेकॉर्डला ऊब असते. सीडी म्हणजे फ्रीजमधलं वरण!"

"या संगीतात एका वेळी चार-पाच साधे सूर. त्यात ऊब राहते कुठे?"

"आमच्या कानात!"

"गिऱ्हाइकांना रेकॉर्ड हाताळू देता?"

"देतो, पण नियमाने. ओले हात नकोत, कडेलाच धरायचं, बांगड्या आवरायच्या आणि फुंकर मारायची नाही. ही आरोही शाळेत होती तेव्हापासून मीच शिकवलंय तिला."

"बहुधा उलगडलं," पल्लवी म्हणाली. "पुन्हा दहा वेळा ऐकाल? या वेळी पडद्याआड आमचे मामा."

"शंभर वेळा ऐकतो!" राजूशेठ त्याच खुर्चीत ऐसपैस बसले.

दहापैकी चार बरोबर आली. राजूशेठनी हातातला पेढा खाली ठेवला.

"नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण एवढीच आली असती," पल्लवी म्हणाली. "आवाज तोच, खुर्ची तीच. बदललं फक्त पडद्याआडचं मनगट. आरोहीच्या हातात नवा चुडा आहे. तो इतक्यात उतरवायचा नाही, आणि बांगड्या वाजत असताना सुईला हात लावायचा नाही, हा राजूशेठचा नियम. म्हणून ती रेकॉर्डच्या वेळी रुमाल बांधते. सीडीला कसली भीती? तिथे चुडा वाजतो. किणकिण झाली की सीडी, नाही झाली की रेकॉर्ड. पडद्याला खेटून बसलेल्याला ते ऐकू येतं; स्पीकरसमोर बसलेल्याला नाही. म्हणूनच मान सुरांच्या आधी डोलत होती."

"म्हणजे मी लबाडी केली?" राजूशेठचा चेहरा उतरला.

"नाही. लबाडी असती तर मामा पडद्याआड जाताच तुम्ही काहीतरी सबब सांगितली असती. तुम्ही निर्धास्त बसलात. तीस वर्षं दुकानात बांगड्या थांबल्या की रेकॉर्ड सुरू होते. तुमच्या कानाला ते पाठ झालंय. तुम्ही फरक खरोखरच ऐकलात, राजूशेठ. तो संगीतात नव्हता, इतकंच."

मामांना आता ती शांतता आठवली आणि आपण ती नुसतीच आवडून घेतली याचा थोडा रागही आला.

"काय रे दादा," आरोही डोळे पुसत म्हणाली, "बहिणीमागे डिटेक्टिव्ह लावलास? माहेरी येणं बंद करू का?"

"चुकलो, आरू. आधी तो पेढा खा आणि मग काय बोलायचं ते बोल."

"पाटी उद्या उतरवतो," राजूशेठ म्हणाले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून रोहितपुढे केला. मग त्यांची नजर कॅसेटवरच्या निळ्या चिठ्ठीवर गेली. ती त्यांनी सावकाश वाचली आणि टीव्हीसमोर मांडी ठोकली.

"माझी परीक्षा तर दोनदा झाली. लाव रे आता!"