पाणबुडीतली शांतता

समीक्षकांसाठीच्या खास खेळाला मी उशिरा पोचले आणि अंधारात चक्क कुणाच्या तरी मांडीवर बसले. तो टाचणी निघाला. त्याची परीक्षणं टोचायची, म्हणून हे नाव.

"बस, पण आधी पॉपकॉर्न बाजूला घेऊ दे," तो म्हणाला.

सिनेमा जुना, पाणबुडीवरचा युद्धपट. पहिल्यांदा आला तेव्हा समीक्षकांनी कंटाळवाणा म्हणून झोडपला, मग त्यांनीच डोक्यावर घेतला. आता तो पुन्हा लागणार होता. परीक्षण छापून येईपर्यंत त्यावर एकमेकांत बोलायचं नाही, हा आमच्यातला दंडक. त्यामुळे बाहेर चहा पिताना आम्ही बाकी सगळं बोललो. तो एकटक माझ्या ओठांकडे बघत होता... मी आपली लाजून चूर.

रविवारी त्याचं परीक्षण आलं. 'शेवटच्या हल्ल्यात दिग्दर्शकानं आवाजच काढून टाकला आहे. ही शांतता जीवघेणी आहे.'

शांतता? त्या प्रसंगात पत्रे करकरतात, पाणबुडी हुडकणाऱ्या शत्रूच्या सोनारची टणटण डोकं उठवते. टाचणी झोपला होता म्हणे — सगळे खिदळले. तो ओठांकडे का बघत होता, ते मला मात्र कळलं.

विचारलं तेव्हा त्यानं लपवलं नाही. ऐकू येणं कधीचंच कमी झालं होतं, संवाद तो पडद्यावर खाली येणाऱ्या सबटायटल्सच्या ओळींत वाचायचा. त्या हल्ल्यात ओळीच नव्हत्या. उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या चुकीपायी पेपरातलं सदर तर गेलंच.

बहिणीच्या गावी कायमचं जायच्या दिवशी तो म्हणाला, "एकदा दाखव मला तो सिनेमा. आवाज कुठे आहे ते सांग."

दुपारचा खेळ, रिकामं थिएटर. प्रत्येक टणटणीला मी त्याच्या तळहातावर बोट टेकवत गेले. मग पाणबुडी तळाशी जाऊन बसली... आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. त्याच्या कानाशी वाकून मी सांगून टाकलं. तो पडद्याकडेच बघत राहिला. मला रडू आवरेना.

बसस्टँडवर मी तोंड उघडलं, तर त्यानं माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"कानाला तुझा श्वास लागला. अंधारात जे म्हणालीस, ते उजेडात नको म्हणूस. मला वाचता येईल... मग माझा पाय निघणार नाही. तुला यात अडकवायचं नाहीये मला."

तो खिडकीत बसला. बस हलली, तशी मी काचेपलीकडून ते पुन्हा म्हणाले — सावकाश, एकेक अक्षर.

त्यानं डोळे मिटून घेतले.