‘इतर’ रकान्यातील चार टिपणे

औषध अचूक होते, निदानही अचूक होते, आणि तरीही यशवंतराव खोब्रागडे यांना तिसऱ्यांदा ताप आला होता.

ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला, शाल्मलीला, उमगत नव्हते. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या निपुणला तिने सरळ विचारले, “औषध बरोबर, निदान बरोबर. मग ताप चुकीचा आहे का?”

निपुण हा पिंपळदरा येथील रुग्णालयाचा निदान-यंत्रमानव (रुग्णाच्या सर्व तपासण्यांची सांगड घालून आजार ओळखणारे यंत्र). २०७१ सालच्या बहुतेक रुग्णालयांत त्याच्यासारखी यंत्रे होती. मात्र ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी त्या सर्वांचा आराखडा रचला, तोच माणूस आज निपुणसमोर रुग्ण म्हणून पडलेला होता. ते म्हणजे यशवंतराव.

“ताप चुकीचा असू शकत नाही,” निपुण म्हणाला. “तो मी स्वतः मोजला आहे.”

“मग तू काहीतरी विसरला असशील.”

“मला विसरता येत नाही.”

“आजोबासुद्धा स्वतःबद्दल हेच सांगतात.”

“मला ऐकू येतंय,” खाटेवरून जड आवाज आला.

तीन आठवड्यांपूर्वी यशवंतरावांना पक्षाघात झाला होता (मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने शरीराचे काही व्यवहार बंद पडणे). निपुणने तो चार मिनिटांत ओळखला आणि डॉ. सलमा इनामदार यांनी केसासारखी बारीक नळी रक्तवाहिनीतून नेऊन अडकलेली गुठळी तासाभरात काढली. यशवंतराव वाचले. त्यांची बुद्धी शाबूत राहिली, वाद घालण्याची हौसही राहिली. उजवा हात तेवढा दुबळा झाला आणि उच्चार जड झाले. पाचव्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला (फुप्फुसातील वायुकोशांत सूज येऊन द्रव साठण्याचा आजार). औषधाने तो ओसरला, आठवड्याने परतला, पुन्हा ओसरला आणि आज पुन्हा हजर झाला. प्रत्येक वेळी जागा एकच होती: उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग.

सकाळी डॉ. इनामदार यांनी काहीही न लपवता सांगितले होते, “उद्यापासून अधिक तीव्र औषध सुरू करावं लागेल. त्यानं मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पण असा आणखी एक हल्ला हे फुप्फुस सोसेल, असं मला वाटत नाही.”

म्हणजे हाती एकच दिवस होता. शाल्मलीने खुर्ची निपुणच्या पडद्याजवळ ओढली.

“तू निदान करताना काय काय वाचतोस?”

“रुग्णपत्रिकेतले सहा रकाने. रक्त, हृदय, श्वसन, मेंदू, औषधे आणि डॉक्टरांचे निष्कर्ष. त्यांचा सारांश रोज सकाळी डॉक्टरांना देतो.”

“इथे तर सात दिसतात. हा शेवटचा?”

“त्याचे नाव ‘इतर’ आहे.”

“तो नाही वाचत?”

“तो जपून ठेवतो. ती टिपणे निदानासाठी विचारात घेऊ नयेत, असा नियम आहे.”

“कोणी केला हा नियम?”

यंत्राने उत्तर देण्याऐवजी खाटेकडे पाहिले. यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले होते. पण ते झोपलेले नव्हते, हे शाल्मलीला कळत होते. “आजोबा, मी वाचू?”

“वाच. जेवण किती उरलं, उशी कुणी बदलली, असलंच काहीतरी असणार.”

त्या रकान्यात एकोणचाळीस टिपणे होती. उशीबद्दल खरोखरच दोन होती. शाल्मलीने वहीचे पान काढले आणि तापाशी ज्यांचा दूरान्वयानेही संबंध असू शकेल अशी टिपणे उतरवायला घेतली. पाऊण तासाने पानावर चार उरली.

आहारतज्ज्ञांनी लिहिले होते: ‘खीर पूर्ण संपवतात. पाण्याचा पेला मात्र नेहमी अर्धा परत येतो.’ भौतिकोपचारतज्ज्ञांनी (हालचाल आणि श्वास यांची शक्ती व्यायामाने परत आणणारे) लिहिले होते: ‘छातीत उजवीकडे खाली खरखर. सकाळी कमी, जेवणानंतर जास्त.’ क्ष-किरण तंत्रज्ञ फिरोज काझी यांचे टिपण एका ओळीचे होते: ‘प्रतिमेतली सावली दोन्ही वेळा एकाच जागी, आडवे पडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेतून काही ओघळले तर ते इथेच साचते.’ आणि वाचोपचारतज्ज्ञ कुंदा मडावी यांनी (बोलणे आणि गिळणे यांतील अडचणी दूर करणाऱ्या तज्ज्ञ) एकच गोष्ट दोनदा लिहिली होती: ‘मला फक्त उच्चारांसाठी बोलावले आहे. परंतु पाणी प्यायल्यावर यांचा आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा येतो. गिळण्याची तपासणी करावी.’

“निपुण, पाणी छातीत जात असेल का?”

“तसे असते तर ठसका लागला असता. पहिल्याच दिवशी मी रुग्णाला विचारले होते. उत्तर ‘नाही’ असे होते.”

“मग कुंदाताई काय म्हणतात, ते बघितलंस?”

“ते माझ्या विचारकक्षेत येत नाही.”

“मग कोणाच्या येतं?”

 “कोणाच्याच नाही,” निपुण म्हणाला.

सुदैवाने तो गुरुवार होता. कुंदा मडावी तीन रुग्णालये सांभाळत आणि सोमवारी व गुरुवारी पिंपळदऱ्याला येत. दुपारी त्या आल्या तेव्हा शाल्मलीने वहीचे पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते दोनदा वाचले.

“गेल्या आठवड्यात सोमवारी लिहिलं, गुरुवारी परत लिहिलं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, डॉक्टरांनी वाचून नको म्हटलं असेल. समोर जाऊन विचारायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं.”

“पण ठसका लागतच नाही त्यांना,” शाल्मली म्हणाली.

कुंदाताईंनी जेवणाचे रिकामे ताट उचलले आणि तिरके धरले. “वरच्या कडेला एकीकडे चमचाभर पाणी सोड, दुसरीकडे चमचाभर त्या वाटीतली पेज.”

पाणी क्षणात खाली पोहोचले. तांदळाची दाट पेज ताटाच्या मध्यावर रेंगाळत राहिली.

“आपल्या घशात दोन वाटा आहेत,” कुंदाताई सांगू लागल्या. “पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. घास खाली येतो तेव्हा पुढच्या वाटेवर एक झाकण पडतं, त्याला कंठच्छद म्हणतात. हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं. आता समज, पक्षाघातामुळे झाकण अर्धा सेकंद उशिरा पडायला लागलं. पेज सावकाश येते, तिला चालून जातं. पाणी?”

“झाकण पडायच्या आधीच पोहोचतं,” शाल्मली म्हणाली. “पण मग ठसका?”

“ठसका म्हणजे घशाची धोक्याची घंटा. ती वाजवणारी संवेदनाच बधिर झाली असेल, तर चोर घरात शिरतो आणि घंटा वाजत नाही. घसा गप्प राहतो आणि फुप्फुस आजारी पडतं.”

“थांबा,” यशवंतराव म्हणाले. आता त्यांचे डोळे पूर्ण उघडे होते. “मडावीबाई, तो रकाना मी केला. कारण होतं. एका डॉक्टरकडे दिवसाला शंभर रुग्ण. सगळंच वाचायला दिलं तर ते आजार कधी ओळखणार? निवड करणं भाग होतं.”

“निवड करावी लागते, मान्य. कसोटी काय लावलीत?”

“ज्यांना आजार ओळखता येतो, त्यांचीच टिपणं घ्यायची.”

“इथेच गफलत झाली, यशवंतराव. आजार ओळखणं हे माझं काम नव्हेच. माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही, ते मी बघते. तुमची गुठळी गेली. तुम्हाला पाणी पिता येतं का, हा प्रश्न गुठळीबरोबर जात नाही.”

यशवंतराव ताटावर रेंगाळलेल्या पेजेकडे पाहू लागले. शाल्मलीलाही मग वाद घालावासा वाटला.

“पण एवढी वेगवेगळी माणसं कशाला? डॉक्टरांनाच सगळं शिकवलं तर?”

“एके काळी तसंच होतं,” कुंदाताई म्हणाल्या. “एकच वैद्य नाडी बघायचा, मुळ्या कुटायचा, हाडही बसवायचा. मग ज्ञान वाढलं. १८९५ साली क्ष-किरण सापडले. सुरुवातीला डॉक्टर स्वतःच प्रतिमा काढत. पण किरण किती सोडायचे, कोणत्या कोनातून, रुग्णाला इजा होऊ नये म्हणून काय करायचं, हे शिकायलाच काही वर्षं लागतात, असं दिसून आलं. म्हणून फिरोजभाईंचा व्यवसाय जन्मला. पुढे पहिल्या महायुद्धातून हजारो सैनिक जखमी होऊन परतले. जखमा भरल्या, पण चालायचं कसं, एका हाताने काम करायचं कसं? ते शिकवणाऱ्यांची गरज तेव्हा फार वाढली. आणि जसजशी माणसं जास्त जगू लागली, तसतसा आजारानंतरचा काळ लांबत गेला. त्या काळाची काळजी घेणारे वाढणारच. आपल्या देशात २०२१ साली यासाठी कायदा झाला. त्यात असे पन्नासहून अधिक व्यवसाय नावानिशी आहेत.”

“कायद्यात नाव आलं म्हणजे ज्ञान आलं, असं होत नाही,” यशवंतराव पुटपुटले.

“नाही होत. पण नावच नसेल, तर अडल्यावर विचारायचं कुणाला?”

डॉ. इनामदार यांना बोलावून ते पान दाखवण्यात आले. त्यांनी शाल्मलीकडे पाहिले, मग निपुणकडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. “हे माझ्या सारांशात कधीच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आणि मीही कधी मागितलं नाही. चला, आत्ताच तपासू.”

तासाभरात यशवंतराव क्ष-किरण विभागात ताठ बसले होते. फिरोज काझी यांनी किरणांचा झोत घशावर नेमका धरला. कुंदाताईंनी चमचाभर पाण्यात बेरियम कालवले (क्ष-किरण अडवणारा आणि म्हणून पडद्यावर काळा दिसणारा पदार्थ) आणि ते त्यांना दिले. पडद्यावर घसा हलताना दिसत होता. काळा ओघळ आला, मागच्या वाटेला लागला. पण त्यातली एक बारीक धार निसटून पुढच्या वाटेने खाली उतरली. यशवंतराव शांत बसले होते. ठसका नाही, घशात खवखवही नाही.

“काही जाणवलं?” डॉ. इनामदार यांनी विचारले.

“काहीच नाही.” त्यांनी ते चित्रण पुन्हा चालवायला लावले आणि ती धार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग ते हळूच म्हणाले, “उत्तर रुग्णपत्रिकेतच दहा दिवस लिहिलेलं होतं.”

तीव्र औषधाची गरज उरली नाही. पूर्वीच्याच औषधाने ताप उतरला. त्याचे कारणच बंद केल्यामुळे तो परतला नाही. पुढचे सात आठवडे मात्र सोपे गेले नाहीत. आहारतज्ज्ञ प्रत्येक पेय ठरावीक दाटपणाचे करून पाठवीत आणि दाट केलेला चहा हा चहा नव्हेच, असा युक्तिवाद यशवंतराव रोज करीत. कुंदाताई जिभेचे व्यायाम करून घेत आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावीत. व्यवसायोपचारतज्ज्ञांनी (रोजची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवणारे) एक पेला आणून दिला. त्याच्या काठाला नाकापुरती खाच होती. त्यामुळे शेवटचा घोट घेतानाही मान मागे टाकावी लागत नसे.

“हा पेला कुणा शास्त्रज्ञाने शोधला?” यशवंतरावांनी तो फिरवून फिरवून पाहत विचारले.

“माणूस पाणी कसं पितो, हे ज्याने नीट बघितलं त्याने,” कुंदाताई म्हणाल्या.

दुपारी, हात थकेपर्यंत, ते निपुणचा आराखडा दुरुस्त करीत. सुरुवातीला त्यांचे जड उच्चार निपुणला नीट उमगत नसत, म्हणून शाल्मली प्रत्येक सूचना स्पष्ट करून सांगे. ‘इतर’ हा रकाना गेला. त्याच्या जागी प्रत्येक व्यवसायाचा स्वतंत्र रकाना आला आणि दोन वेगळ्या रकान्यांतली टिपणे एकाच अवयवाकडे बोट दाखवू लागली, तर ती सारांशात सर्वांत वर येऊ लागली. पिंपळदऱ्याचा अनुभव ऐकून आणखी सहा रुग्णालयांनी नवा आराखडा मागवला. कुंदाताईंच्या उरलेल्या दोन रुग्णालयांनी स्वतःचे वाचोपचारतज्ज्ञ नेमायचे ठरवले. जिल्ह्याच्या महाविद्यालयात त्या विषयाचा अभ्यासक्रमही सुरू होणार होता.

सातव्या आठवड्यात तपासणी पुन्हा झाली. या वेळीही बेरियम कालवलेले पातळ पाणीच होते. पडद्यावरचा काळा ओघळ आला, झाकण वेळेवर पडले आणि सगळेच्या सगळे पाणी मागच्या वाटेने निघून गेले. फिरोजभाईंनी न विचारताच ते दृश्य दुसऱ्यांदा दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निपुणने डॉ. इनामदार यांच्यासमोर सारांश वाचला. पहिले वाक्य कुंदा मडावी यांचे होते: ‘रुग्ण काल पेलाभर पाणी सुरक्षित प्यायले.’

“अर्धा पेला,” यशवंतराव म्हणाले. “नोंद नेमकी हवी. आणि हेही लिही की पाणी गोड लागलं, पण गिळताना भीती वाटली. अजून वाटते.”

“ही माहिती उपयुक्त आहे,” निपुण म्हणाला. “पण ती कोणाच्या रकान्यात लिहू? रुग्णाने स्वतः टिपण लिहिण्याची सोय आराखड्यात नाही.”

 डॉ. इनामदार हसू आवरत खिडकीकडे वळल्या. यशवंतरावांनी आपल्या यंत्राकडे पाहिले आणि दुबळा उजवा हात नातीपुढे केला.

“शाल्मली, कोरं पान काढ,” ते म्हणाले. “पहिल्यापासून लिहावं लागेल.”